शेवटी बोलणारा माणूस

अण्णा, मागच्या सोमवारपर्यंत मी तुमच्यासाठी रडत होते. सोमवारी वहिनींनी तुमचं घरचं कपाट उघडून दिलं. "वर्कशॉपचे कागद असतील तेवढे बघून घेऊन जा, सुमन," म्हणाल्या. त्यातला एक कागद उलगडला आणि माझं रडू जे थांबलं ते थांबलंच. आता नुसता राग येतो. सकाळी चहा गाळताना येतो, स्कूटर चालू करताना येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्यांच्या अण्णांनी फसवलेलं नसेल.

तुमच्याबद्दल लिहून द्या म्हणून तिघाचौघांचे फोन आले. जन्म कुठला, शिक्षण किती, सोलापुरात वर्कशॉप कधी टाकलं. ते सगळं ज्याला हवं त्यानं लिहावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. ते तुम्ही असतानाच बोलायला हवं होतं, पण तेव्हा मला काय माहीत!

वैरागहून मी नोकरी मागायला आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. एसटीनं आलेली, घामानं डबडबलेली, हातात मेकॅनिकलच्या डिप्लोमाची फाईल. त्याआधी एमआयडीसीत पाच ठिकाणी जाऊन आले होते. एका ठिकाणच्या साहेबांनी तर मला अकाउंट्सला जागा आहे असं सांगितलं. तुम्ही फाईल उघडलीही नाही. लेथवरून निघालेली एक कडी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "यात काय चुकलंय ते सांग, वैराग." तुम्ही सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचात. मी कडी उलटीपालटी केली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "मला यात काही चुकलेलं दिसत नाही." तुम्ही हसलात. "चुकलेलं नाहीच. पण साहेबानं विचारलं की काहीतरी शोधून काढणारेच जास्त येतात. सोमवारपासून ये."

त्या एका वाक्यावर मी बारा वर्षं काढली, अण्णा.

आणि मग ती शनिवारची बैठक. आपल्या वर्कशॉपची खरी कमाई तीच, असं मी बाहेर सगळीकडे सांगत फिरले. शनिवारी चार वाजता मशीन बंद. शेडबाहेरच्या कडुलिंबाखाली टेबल, कोपऱ्यावरच्या गाड्यावरची भजी, आणि त्या आठवड्यात जे काही मोडलं, बिघडलं, वाया गेलं ते टेबलावर. ज्याच्या हातून गेलं त्यानं सांगायचं. नियम दोनच. आपलीच चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसानं करायची, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. तुम्ही सगळ्यात शेवटी. आजूबाजूच्या शेडमधली माणसंही येऊन बसायला लागली. कॉलेजातले दोन मास्तर यायचे, साखर कारखान्यांतले इंजिनिअर गावाकडे जाता जाता थांबायचे.

माझ्या पहिल्या शनिवारी सगळ्यात नवी मीच. चूक सांगायला मी काही काम तरी केलेलं हवं ना! म्हणून मी म्हणाले, "माझी चूक एवढीच की मी मंगळवारपासून एक गोष्ट बघतेय आणि बोलले नाही. त्या पट्ट्याच्या मशीनजवळून जाताना माझी ओढणी दोनदा आत ओढली गेली." सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. त्या मशीनवर जाळी नव्हती, आणि पँट-शर्टातल्या कुणाला वीस वर्षांत त्याची गरज वाटली नव्हती. सोमवारी जाळी बसली. मला ओढणी सोडून ये असं कुणी म्हणालं नाही, तुम्ही म्हणू दिलं नाही. तेव्हापासून मी तुम्हाला देव मानायला लागले, आणि माझं चुकलं ते तिथंच.

नरसय्या तेव्हा आपला मुख्य टर्नर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, आपल्याशी त्याचं ते वळणदार मराठी. लेथ शिकला म्हणून बापाचे माग भावाकडे सोडून आपल्याकडे आलेला. एका साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहून नेणारा पट्टा सारखा एका बाजूला सरकायचा. तुम्ही, मी, कॉलेजातले मास्तर, आठवडाभर आकडेमोड करत होतो. शनिवारी नरसय्या म्हणाला, "आमच्या मागावर सूत गुंडाळायचं बीम जरा वाकडं बसलं की कापड असंच सरकतंय बगा. तुमचं ते मागचं रोलर सरळ हाय काय, बगितलं का कुणी?" कुणी बघितलं नव्हतं. रोलर सुताभरानं वाकडा होता. तुम्ही आनंदानं टेबलावर थाप मारलीत, भज्यांची प्लेट खाली पडली. "बघ, वैराग," तुम्ही मला म्हणालात, "आपण सगळे एकाच कॉलेजातले असतो तर अजून महिनाभर गणितंच करत बसलो असतो."

मी तुमच्याशी भांडायचे त्यातलं एक भांडण अर्धवट राहिलंय. मी म्हणायचे, "अण्णा, कधीतरी तुम्ही आधी बोला की." तुम्ही म्हणायचात, "मोठा माणूस आधी बोलला की पुढं सगळे त्याचंच बोलतात. मला त्यांचं ऐकायचंय." पटायचं मला. आजही अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर मला तुमच्या कपाटात सापडलं.

तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवा. ऊस गव्हाणीतून वर नेणाऱ्या कॅरियरचा आपण केलेला शाफ्ट ऐन गाळपात तुटला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण कारखाना थांबला, बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली, ऊस उन्हात वाळत पडला, आणि चीफ इंजिनिअरनं तुम्हाला फोनवर नको नको ते ऐकवलं. शनिवारी शाफ्टचे दोन तुकडे टेबलावर आले. शाफ्टची जाडी जिथं एकदम कमी होते तिथला कोपरा नीट गोल असावा लागतो, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. हा तिथूनच गेला होता. कोपरा जवळजवळ धारदार होता.

बोलायची पाळी नरसय्याची आली. तो उभा राहिला, तुमच्याकडे बघितलं, आणि मग म्हणाला, "शाफ्ट माझ्याच हातचा हाय. कोपरा टोकदार राहिलाय. माझी चूक."

आणि मी! मी तेव्हा डिझाइनची मुख्य झाले होते. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "नरसय्या, वीस वर्षं लेथवर काढली तुम्ही. कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवून बघायला काय जातं?" तो खाली बसला. शेवटी तुमची पाळी आली. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, "झालं ते झालं. पुढच्या वेळी सगळ्यांनी लक्ष ठेवा." सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! मलाही वाटलं.

दोन महिन्यांत नरसय्या शनिवारी बैठकीतून लवकर उठायला लागला. "आज आमच्याकडं पाणी येतंय," म्हणायचा. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या सोलापुरात या कारणावर कोण काय बोलणार? मग एक दिवस नोकरीच सोडली, भावाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून गेला. मी तुम्हाला कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "भावाला माणूस पाहिजे होता." एवढ्या सहज म्हणालात, अण्णा.

तर आता तो कागद. शाफ्टचं ड्रॉइंग, तुमच्या हातचं. आधीच्या लहान शाफ्टवरून तुम्ही हे मोठं केलं होतं. सगळी मापं बदललीत, त्या कोपऱ्याचं तेवढं बदलायचं राहिलं. नरसय्यानं कागदावर होतं तसंच केलं होतं, केसभरही इकडेतिकडे नाही. त्या मापाभोवती लाल पेन्सिलीनं गोल, आणि बाजूला तुमच्या त्या तिरक्या अक्षरात: "हे माझं. शनिवारी सांगणे."

शाफ्ट तुटल्यावर हे ड्रॉइंग मी तुमच्याकडे मागितलं होतं. सापडत नाही म्हणालात. कागद घड्यांवर विरला होता. मी वहिनींना विचारलं, हा कपाटात का ठेवला होता? त्या म्हणाल्या, "तो होय? शनिवारी निघताना खिशात घालायचे. रात्री शर्ट धुवायला टाकताना मी काढून ठेवायची. बरेच महिने चाललं होतं. मग म्हणाले, राहू दे कपाटातच. कसला आहे गं?"

मी त्यांना सांगितलं नाही कसला आहे. पण मला काय काय झालं ते तुम्हाला सांगते. तुम्हाला कळलंच नसतं तर मी समजू शकले असते. चूक कोण करत नाही? तुम्ही विसरला असतात तरी मी गप्प बसले असते. पण तुम्ही दर शनिवारी ती चूक खिशात घेऊन येत होतात! माझ्या शेजारी बसत होतात, भजी पुढं सरकवत होतात, पोरांना म्हणत होतात, "हुशार माणूस दहा मिळतात, खरं बोलणारा एक मिळत नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी ते वाक्य नव्या पोरांना ऐकवत होते, अण्णा. तुमचं नाव घेऊन ऐकवत होते.

आणि तुमच्या त्या शेवटी बोलण्याच्या नियमातली मेख मला आता कळली. खालच्या माणसानं आधी बोलायचं म्हणजे त्याचं ऐकू येतं, हे खरं. पण मोडक्या वस्तूची चूकही तोच आधी उचलतो. वर येता येता ती कुणाची तरी होऊन गेलेली असते. शेवटच्या माणसाला मोठं मन दाखवण्याशिवाय काही कामच उरत नाही. वर बसलेला माणूस सरळ असेल तर तो नियम सोन्यासारखा. आम्ही तुम्हाला सरळ धरूनच चाललो होतो. नरसय्या गेल्यावर बैठकीत माग समजणारं कुणी राहिलं नाही. मास्तर यायचे बंद झाले. पोरं लहानसहान चुका सांगायला लागली, ड्रिल मोडलं, पाना हरवला. मला वाटायचं, हल्लीच्या पोरांना गोडी नाही. पोरं शहाणी होती. त्यांनी नरसय्याचं काय झालं ते बघितलं होतं.

परवाचा शनिवार तुमच्या शोकसभेचा होता. टेबलावर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. जुने सगळे आले होते, नरसय्या सोडून. मी आदल्या दिवशी शेजारच्या शेडमधल्या रफिकभाईंना कागद दाखवला. त्यांचं वेल्डिंग तुमच्या वर्कशॉपइतकंच जुनं, म्हणून म्हटलं विचारावं. ते कागद बघून म्हणाले, "झाकली मूठ राहू दे, बेटी. आदमी गया. अब क्या?" मी म्हणाले, नरसय्या गेलेला नाही, जिवंत आहे.

सभेत सगळे बोलले. तुमचा दिलदारपणा, तुमचं शेवटी बोलणं. मग मी उठले आणि कागद तुमच्या फोटोपुढं ठेवला. सगळं सांगितलं.   एका कारखान्याचे साहेब उठून निघून गेले. मी खाली बसले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सूड घेतल्यावर वाटावं तसं.

रफिकभाई माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "ये तो अण्णा की हुई. तुमारी बोलो."

आपल्या बैठकीत आजवर कुणी दुसऱ्याची चूक सांगितली नव्हती. पहिल्यांदा ते मी केलं, तेही तुमच्या फोटोपुढं.

अण्णा, एक गोष्ट मी वर लिहायची टाळली. त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन सह्या आहेत. काढणारा, तुम्ही. तपासणारी, मी. मी तपासलंच नव्हतं. तुमची ड्रॉइंगं मी कधीच तपासली नाहीत, नुसती सही करत आले. तुमचं काय तपासायचं, अशी माझी भक्ती! ज्या मुलीला तुम्ही ओढणीवरून बोलायला शिकवलंत तिनं तुमच्या बाबतीत डोळे मिटून घेतले, आणि ज्याच्या बोटांना असे कोपरे कळतात त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडली. सही करणारीनं ओरडावं, ही कमाल आहे. सोमवारी कागद उलगडला तेव्हा लाल गोलाआधी मला माझी सहीच दिसली होती. तरी आठवडाभर मी फक्त तुमच्यावर चिडत राहिले, कारण ते सोपं होतं.

हे मी सभेत उभं राहून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

काल नरसय्याकडे गेले. पूर्व भागातल्या त्या बोळात, टॉवेलच्या मागांचा कारखाना. आत पाय ठेवला तर कान बधिर झाले. तो दोन मागांच्या मधे वाकून धोटा काढत होता. केस पांढरे झालेत त्याचे. मी जवळ जाऊन म्हणाले, "शाफ्टची चूक तुमची नव्हती." त्याला ऐकू गेलं नाही. मी ओरडले. पलीकडच्या दोन विणकरांनी वळून बघितलं, त्याला तरी कळेना. शेवटी त्यानं हात वर करून थांबा म्हटलं, एक माग बंद केला, दुसरा बंद केला.

मग मला ते हळू आवाजात पुन्हा म्हणावं लागलं. "ड्रॉइंग चुकलं होतं. मी न बघता सही केली होती. आणि तुम्हाला बोलले. माझं चुकलं, नरसय्या."

तो हात पुसत राहिला. म्हणाला, "म्हाईत हाय की, मॅडम. शाफ्ट लावायच्या आधी मी अण्णांना इचारलो होतो. अण्णा, हे कोपरा लई टोकदार दिसूलालंय, गोल करू काय? कागदात हाय तसं कर म्हणले. गडबडीत होते."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याची चूक सांगायची न्हाई, हे नियम हाय ना? मी माझं बोललो. मग अण्णांच्या पाळीची वाट बगत बसलो." त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "ते बोलले न्हाईत तवा मला कळालं, त्यांच्या ध्यानातच न्हाई. मी इचारलेलं इसरले असतील. किती कामं त्यांच्या मागं! बायको म्हणायची, जाणूनबुजून केलं त्यानं. मी तिला म्हणायचो, अण्णांना तू वळखत न्हाईस. ध्यानात असतं तर ते उभं राहून बोलले असते. तीन वर्षं भांडलो तिच्याशी ह्याच्यावरनं."

कागद माझ्या पर्समध्ये होता. अण्णा, मी तो तसाच परत आणू शकत होते. पण खिशात कागद ठेवून गप्प बसणारी मी दुसरी झाले असते. मी तो काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो खिडकीजवळ नेऊन वाचला. एकच ओळ, पण बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "म्हणजे ध्यानात होतं त्यांच्या."

मी हो म्हणाले. त्यानं कागद होता तशा घड्या घालून मला परत दिला आणि दोन्ही माग चालू केले. मला चहा विचारायला तो कधी विसरायचा नाही. काल विसरला.

तुमच्या बाजूनं तीन वर्षं बायकोशी भांडणारा माणूस होता तो. त्याचा तुमच्यावरचा विश्वास मोडायचं काम तुम्ही माझ्यावर टाकून गेलात, अण्णा, आणि ते मी काल करून आले.